होमस्कूलिंगमधल्या मोठ्या मुलांचं गणित : आपापल्या गतीने शिकायचा अभ्यासक्रम कसा निवडलात?

सातारा, आई (मुलगा १३)

दोन वर्षांपूर्वी आम्ही मुलाला शाळेतून काढलं. भाषा, इतिहास, विज्ञान यांची गाडी रुळावर आली, गणिताची नाही. आतापर्यंत दोन अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडले. तिसरा घ्यायच्या आधी सातारा-सांगलीकडच्या पालकांना विचारावं असं वाटलं. पुण्या-मुंबईच्या पालकांचे सल्ले भरपूर वाचलेत, पण तिथे कोपऱ्यावर शिकवणी मिळते आणि परीक्षेचं केंद्रही जवळ असतं. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे.

नुसतं ॲपचं किंवा पुस्तकाचं नाव लिहू नका. पहिल्या महिन्यात सगळंच छान चालतं. चौथ्या महिन्यात काय झालं ते सांगा. मुलाची वही कोण तपासतं? दहावीचं गणित कुठून दिलंत किंवा देणार आहात? आणि मूल नेमकं कुठे उभं आहे हे तुम्हाला कसं कळलं? माझं घोडं अडलंय ते या शेवटच्या प्रश्नावर. शाळेत याला ऐंशीच्या वर गुण असायचे. तरी परवा पाऊण किलोतून दोनशे ग्रॅम वजा करताना अडखळला.

तासगाव, वडील (मुलगी १४)

ताई, आमची द्राक्षाची बाग आहे. मुलगी घरीच शिकते. सुरुवातीला एक वर्षभराची फी भरून व्हिडिओचा कोर्स घेतला. नाव लिहीत नाही. पोरगी हुशार, रोज तासभर बसायची. चार महिन्यांत सातवी-आठवीचं सगळं झालं म्हणाली, आणि पडद्यावर खरंच सगळीकडे हिरव्या खुणा.

मार्चमध्ये शेडवर माल टाकला होता. आमच्याकडे साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तिला म्हटलं, ३,४०० किलो टाकलाय, बेदाणा किती निघंल? तिनं चारनं गुणलं. १३,६०० म्हणाली. हातातलं काम सोडून मी तिच्या शेजारी बसलो. त्या रात्री कोर्स पुन्हा उघडून बघितला, तर प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. चुकलं की पुन्हा तोच प्रश्न, फक्त आकडे बदललेले. दुसऱ्या खेपेला उत्तर येणारच. मला राग तिचा आला नाही. चार महिने मी एकदाही तिची वही मागितली नाही, त्याचा आला.

नंतर खान अकादमी हे ऑनलाइन शिकायचं संकेतस्थळ लावलं. ते फुकट आहे, आणि तिथं सूचना (हिंट) बघितली की तो प्रश्न चुकीचा धरला जातो, हे मला बरं वाटलं. पण आमचा नियम असा, की आधी वहीत पायऱ्या आणि मगच पडद्यावर उत्तर. वहीत पायरी नसंल तर ते गणित झालंच नाही. संध्याकाळी मी वही बघतो. माझं शिक्षण बारावीपर्यंत. प्रत्येक गणित मला येतंच असं नाही, पण पायऱ्या एकाखाली एक लिहिल्यात की मधनंच उत्तर टपकलंय, एवढं मला नक्की कळतं.

आपापल्या गतीचा आम्हाला झालेला फायदाही सांगतो. ऑक्टोबरात फळछाटणी, एप्रिलात खरड छाटणी. त्या दिवसांत घरात कुणाला उसंत नसते, मुलगीही मजुरांचा हिशेब ठेवते. तेव्हा नवा धडा घेत नाही, जुनीच पाच गणितं. पावसाळ्यात मात्र रोज दोन तास.

बेदाण्याचा प्रश्न मी यंदा पुन्हा विचारला, थोडा फिरवून. ३,४०० किलोचा ८०० किलोच निघाला, मग प्रमाण काय पडलं? सव्वाचारास एक, असं तिनं तोंडी सांगितलं.

कराड, निवृत्त गणित शिक्षक (नात १३)

मूल नेमके कोठे उभे आहे, हा आपला प्रश्न अभ्यासक्रमाच्या निवडीच्याही आधीचा आहे. त्यावरच जरा सविस्तर लिहितो.

नात माझ्याकडे आली तेव्हा मी कोणतेही पुस्तक उघडले नाही. वीस गणिते कागदावर लिहून दिली. वेळेचे बंधन नाही, पर्याय नाहीत, खोडायचे नाही. त्यांतली चार येथे देतो. ३/४ − २/५. नंतर −७ − (−३). नंतर ५(क्ष − २) = ३क्ष + ४. आणि एक तोंडी : एका वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढवली, मग २० टक्क्यांनी कमी केली, तर ती मूळ किमतीला येईल का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक मुले ‘हो’ म्हणतात. शेकडा किती हे त्यांना काढता येते, पण कशाचे शेकडा हे त्यांनी मनाशी ठरवलेले नसते.

उत्तर बरोबर की चूक एवढेच पाहू नका. चूक कोणत्या जातीची आहे ते पाहा. छेद समान न करता वरचे वरचे आणि खालचे खालचे वजा केले असेल, तर अपूर्णांक म्हणजे काय हेच मुलाच्या हाती लागलेले नाही. कौंस सोडवताना पाचाने फक्त क्ष ला गुणले आणि दोनाला सोडून दिले, तर ते आठवडाभरात सुटणारे दुखणे आहे. आणि वजा चिन्ह कधी चुकते, कधी चुकत नाही, असे असेल तर मूल घाईत आहे. पहिल्याला दोन इयत्ता मागे जावे लागते, दुसऱ्याला एक प्रकरण, तिसऱ्याला कोठेच नाही. हे न पाहता अभ्यासक्रम विकत घेणे म्हणजे पायाचे माप न देता चप्पल आणणे.

नातीला मी सहावीच्या पुस्तकापासून सुरुवात करून दिली. बालभारतीची सर्व पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. सहावीचे तिचे अडीच महिन्यांत झाले, सातवीचे तीन महिन्यांत, आठवीला मात्र आम्ही सहा महिने बसलो. तिचे सरावसंच मी तपासतो, पण चूक दुरुस्त करून देत नाही. समासात फक्त एक ठिपका काढतो. त्या ओळीत काहीतरी आहे, शोध. पहिले काही आठवडे ती चिडायची. आता ठिपका काढायच्या आधीच स्वतः वर जाऊन पाहते.

परदेशी अभ्यासक्रम घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकेत बहुधा एक वर्ष बीजगणित, एक वर्ष भूमिती, मग पुन्हा बीजगणित अशी विभागणी असते. आपल्याकडे दोन्ही बरोबर चालतात. त्यामुळे तिकडचे पहिले बीजगणित संपवलेले मूल आपल्या नववीच्या भूमितीत अगदी कोरे असू शकते. आणि भौमितिक रचना! कंपास हातात धरून काढलेली स्पर्शिका कोणतेही ॲप तपासून देत नाही. पक्ष, साध्य, सिद्धता हा क्रम लिहायची सवयही माणसाने वही पाहिल्याशिवाय लागत नाही.

सांगली, विद्यार्थिनी (वय १७)

इथे सगळे पालकच लिहितायत, म्हणून मी लिहिते. मी बाराव्या वर्षापासून घरी शिकले आणि दहावी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दिली.

मला गणित आवडायचं, म्हणून बाबांनी आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग या अमेरिकन संस्थेचं बीजगणिताचं पुस्तक मागवलं. त्यात आधी प्रश्न येतो, तुम्ही झटायचं, स्पष्टीकरण नंतर. त्यांचा अल्क्युमस नावाचा ऑनलाइन सराव फुकट आहे आणि तुमच्या तयारीप्रमाणे प्रश्न अवघड करत जातो. एका प्रश्नावर मी तीन दिवस बसले होते. तिसऱ्या दिवशी घाटावर फिरताना सुटला, आणि मी पळत घरी आले. तो दिवस मी विसरणार नाही. पण माझ्या धाकट्या भावाला तेच पुस्तक दिलं तर तो दुसऱ्याच आठवड्यात म्हणाला, मला गणित येत नाही. त्याला येतं. त्याला आधी एक सोडवलेलं उदाहरण बघायला लागतं, एवढंच. एकाच घरात एक अभ्यासक्रम दोघांना चालला नाही, आणि आई-बाबांनी ते पटकन मान्य केलं याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

माझी वही तपासायला घरी कुणी नव्हतं. मिरजेत माझ्यासारखीच एक मैत्रीण आहे. आम्ही दर रविवारी वह्या बदलायचो. तिने माझी तपासायची, मी तिची. दुसऱ्याची चूक शोधताना जितकं शिकले तितकं कुठल्याच व्हिडिओने शिकवलं नाही.

एनआयओएसबद्दल थोडं. दहावीसाठी १४ वर्षं पूर्ण लागतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. मी गणित आधी, एकटंच दिलं. पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. २० टक्के गुण टीएमएला, म्हणजे घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना असतात, ते हलक्यात घेऊ नका. माझी अडचण वेगळीच झाली. मी कधी घड्याळ लावून गणितं सोडवलीच नव्हती. पहिल्या सराव पेपरला वेळ संपली तेव्हा माझे सात गुणांचे प्रश्न हात न लावता राहिले होते, आणि ते सगळे मला येत होते. शेवटचे तीन महिने दर शनिवारी घड्याळासमोर पेपर लिहिला. आपापल्या गतीने शिकणाऱ्या मुलांना हे आधी सांगायला हवं.

वाई, आई (मुलगा १५)

आमच्या गावात पावसाळ्यात नेट टिकत नाही, त्यामुळे व्हिडिओचा प्रश्नच मिटला. सॅक्सन या अमेरिकन मालिकेतलं बीजगणिताचं जुनं पुस्तक मिळालं. १२० धडे, प्रत्येक धड्याखाली ३० गणितं. त्यात नव्या धड्याची थोडीच, बाकी सगळी मागची मिसळलेली. माझ्या मुलाला विसरण्याचा त्रास आहे, त्याला हे फार मानवलं. आठवड्याला चार धडे धरले तर तीस आठवडे, असा हिशेब करून बसलो. प्रत्यक्षात बेचाळीस लागले. इंच, फूट, पौंड आणि डॉलर मात्र डोकं खातात. मी पेन्सिलने किलो आणि रुपये करून द्यायचे. उत्तरसूची माझ्याकडे असते, त्याच्याकडे नाही.

मिरज, आई (मुलगी १६)

घरात सतारीचं काम आहे. मुलीला गुणोत्तर पुस्तकातून कळत नव्हतं. सासरे म्हणाले, हिला इकडे पाठव. तार ९० सेंटिमीटर धर. निम्म्यावर, ४५ ला, तार षड्ज. दोन तृतीयांशावर, ६० ला, पंचम. तीन चतुर्थांशावर, साडेसदुसष्टला, मध्यम. पट्टी घेऊन मोजलं, बोट ठेवून ऐकलं. अपूर्णांक तिच्या कानात बसले. कुठलाही अभ्यासक्रम घ्या, पण आपल्या घरात जे मोजलं जातं ते आधी काढा असं मला वाटतं.

दहावी आम्ही राज्य मंडळातून देतोय, १७ नंबरचा, म्हणजे खाजगी विद्यार्थ्यांचा फॉर्म भरून. सातारा, सांगली, कोल्हापूर या तिन्ही जिल्ह्यांचं विभागीय मंडळ कोल्हापूर. गणिताचे भाग १ आणि भाग २ असे ४०-४० गुणांचे दोन पेपर, प्रत्येकी दोन तास. तिने दोन वर्षं बाहेरचा अभ्यासक्रम केला होता, तरी अर्थनियोजनाचं प्रकरण पूर्ण नवं निघालं. जीएसटी, शेअर्स हे त्या पुस्तकांत कुठे असणार? म्हणून मंडळाची परीक्षा द्यायची असेल तर शेवटचं वर्ष मंडळाच्याच पुस्तकावर ठेवा.

सातारा, वडील (मुलगा १४)

आमचं जमलं नाही, तेही इथे नोंदवतो. तीन अभ्यासक्रम झाले. मुलाला एकट्याने बसणंच सोसत नाही. विषय कुठलाही असो, समोर माणूस लागतो. आम्ही दोघंही नोकरीला. ‘स्वतःचा स्वतः शिकेल’ या आशेवर त्याचं दीड वर्ष गेलं आणि त्याला वाटू लागलं की तोच कमी आहे. हे मला फार लागलं. आता ओळखीतल्या एक निवृत्त बाई आठवड्यातून तीन दिवस येतात. गती त्याचीच, पुस्तक बालभारतीचंच, फक्त शेजारी कुणीतरी आहे. चार महिने झाले. परवा त्यानं स्वतःहून विचारलं, बाई उद्या येणार ना?

सातारा, आई (मुलगा १३)

सगळ्यांचे अनुभव मुलाच्या बाबांनी आणि मी दोनदा वाचले. कराडच्या सरांची पद्धत लगेच केली. चार गणितं सरांची, सोळा आम्ही पुस्तकांतून घेतली. मुलाने सव्वा तास घेतला. वीसपैकी नऊ बरोबर. अपूर्णांकांची सहाच्या सहा चुकली, आणि सहाही त्याच जातीची, वरचं वर, खालचं खाली. टक्क्यांच्या प्रश्नाला ‘मूळ किंमतच येईल’ म्हणाला. समीकरण मात्र नीट सोडवलं, क्ष बरोबर सात आला.

म्हणजे ज्या आठवीच्या अभ्यासक्रमाचे पैसे आम्ही भरणार होतो, तो चौथ्या महिन्यात पुन्हा बंद पडला असता. तूर्त नवीन काही घेत नाही. बालभारतीची पाचवी आणि सहावीची पुस्तकं उतरवून छापून घेतली आहेत. लहान मुलांचं पुस्तक म्हणून तो नाराज होईल अशी भीती होती. मुखपृष्ठ काढून फक्त सरावसंच दिले, आणि का दिले ते खरं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, मग मला हे कुणी आधी का नाही विचारलं?

वही मी तपासणार आहे, ठिपक्याच्या पद्धतीने. रविवारी वह्या बदलायला सातारा शहरात कुणाचं बारा ते चौदा वयाचं मूल असेल तर जरूर लिहा.

सर, एक शंका आहे. त्याची ऋण संख्यांची दोनच गणितं चुकली, पण चुकली. अपूर्णांक पूर्ण करून मग त्याकडे वळू, की दोन्ही बरोबर?

कराड, निवृत्त गणित शिक्षक (नात १३)

अपूर्णांक आधी, आणि कागदाच्या घड्या घालून. लगेच पेन्सिल नको. ऋण संख्यांची रोज पाच, संख्यारेषा काढून, जेवणाआधी. टक्क्यांना महिनाभर हात लावू नका. अपूर्णांक बसले की ते निम्मे आपोआप येतात. सहाव्या आठवड्यात तीच वीस गणिते आकडे बदलून पुन्हा द्या आणि दोन्ही कागद त्याच्या समोर शेजारी शेजारी ठेवा. काय दिसते ते त्यालाच सांगू दे.