माडीवरच्या कॉम्प्युटरला वायफाय: कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये बसवू?

माडीवरची:
वाईत राहते. घर जुनं, खालच्या भिंती दगडमातीच्या, दीड हात जाड. राउटर खाली सोप्यात, मी वर माडीवर. लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची कामं करते. कॉम्प्युटर २०२० मध्ये भावाने आणि मी मिळून जोडला: एएमडीचा रायझन ५ ३४००जी प्रोसेसर, बी४५०एम मदरबोर्ड. वायफायवाला बोर्ड महाग पडत होता म्हणून साधा घेतला. ती काटकसर आता भोगतेय.

सध्या यूएसबीत खोचायचा नखाएवढा वायफाय डोंगल आहे. चार-पाच एमबीपीएस, तेही त्याच्या लहरीवर. परवा १८० एमबीची फाइल प्रेसला पाठवताना तिसऱ्यांदा तुटली, ९२ टक्क्यांवर. शेवटी पेनड्राइव्ह घेऊन स्कूटीवर गेले.

कार्ड बसवावं म्हणून कॅबिनेट उघडलं, तर छोटा स्लॉट ग्राफिक्स कार्डाखाली गाडला गेलाय. त्याखाली एक लांब स्लॉट रिकामा आहे, पण तो ग्राफिक्सचाच ना? की मोठा डोंगल घेऊ?

चाळकरी:
ताई, डोंगल कुठे लावलाय? पुढच्या निळ्या यूएसबी ३ मध्ये, शेजारी हार्ड डिस्क? मग तिथेच घोळ आहे. यूएसबी ३ मधून २.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे वायफायच्याच एका पट्ट्यात गोंगाट येतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. वीतभर एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल लांब ठेवून बघा. शंभर-दीडशेत प्रयोग होतो.

सोल्डरकाका:
लांब स्लॉटमध्ये छोटं कार्ड खुशाल बसतं. चार जणांच्या बाकावर एकटा बसला म्हणून बाक कुरकुरत नाही. फक्त बोर्डाचं पुस्तक बघा. काही बोर्डांवर एम.२ (चपट्या एसएसडीची जागा) भरली की तो खालचा स्लॉट बंद होतो.

इंटेल एएक्स२१० चिप असलेलं पीसीआयई (म्हणजे याच स्लॉटात बसणारं) कार्ड घ्या. दुकानदार एएक्स२०१ किंवा २११ चा सुटा तुकडा पुढे करेल, तो घेऊ नका. ते इंटेलच्या ठरावीक चिपसेटच्या बोर्डांवरच चालतात, तुमच्या एएमडीवर मुके राहतील.

आणि ब्लूटूथ स्लॉटमधून येत नाही! कार्डाबरोबरची बारीक वायर बोर्डावरच्या यूएसबी २ च्या ९ पिनांवर लावावी लागते. ती खोक्यातच विसरून ‘ब्लूटूथ खराब’ म्हणत कार्ड परत करणारे मी बरेच पाहिलेत.

अँटेना वायरवाल्या, चुंबकी बैठकीच्या बघा. कॅबिनेटच्या पाठीला स्क्रूने बसणाऱ्या टेबलामागे, भिंतीकडे तोंड करून कुजतात.

केबलप्रेमी:
एवढं कशाला? राउटरपासून नेटची कॅट६ वायर ओढा. १०० मीटरपर्यंत बिनघोर, भिंत कितीही जाड असो.

माडीवरची:
केबलप्रेमी, पटतं हो. पण सासऱ्यांनी या भिंतींना कॅलेंडरचा खिळासुद्धा मारू दिलेला नाही.

माडीवरची (नऊ दिवसांनी):
आधी चाळकरींचा प्रयोग केला. शेजारची डिस्क काढली, डोंगल वायरने टेबलावर आणला; चाराचे अकरा झाले. थक्कच झाले, पण फाइल तुटायची थांबेना.

मग एएक्स२१० मागवलं. खालच्या लांब स्लॉटमध्ये एका दाबात बसलं. ड्रायव्हरसाठी नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर, अशी गंमत झाली. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केलं, म्हणजे फोनचंच नेट कॉम्प्युटरला दिलं, काम झालं.

तरी पहिल्या दिवशी वेग वीसच. अँटेना मी हौसेने लोखंडी कपाटावर ठेवली होती, नेमकं राउटर आणि तिच्या मध्ये कपाट! उचलून जिन्याच्या तोंडाशी, कठड्याला लावली. भिंतीतून जे येत नव्हतं ते जिन्याने वर आलं: ५ गिगाहर्ट्झवर पासष्ट-सत्तर. आमचा प्लॅनच शंभरचा आहे.

काका, ब्लूटूथची वायर मीही विसरले होते. नवव्या पिनेशेजारचं बुजवलेलं भोक बघून सरळ-उलटं कळलं. आता हेडफोन चालतो.

डोंगल सासऱ्यांनी मागून घेतलाय. टीव्हीला लागतो का बघतायत.