मदत हवी आहे : नाकाबंदीत घेतलेलं लायसन्स, पण पावती नाही

नमस्कार मंडळी. शनिवारी रात्री साडेअकराला माझा धाकटा भाऊ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट संपवून घरी येत होता. वाटेत नाकाबंदी लागली. गाडीची चावी आधीच काढून घेतली, मग मशीनमध्ये फुंकायला लावलं. आधीच्या माणसाने फुंकलेली तीच नळी, तोंडाकडची बाजू ओली. त्याने शर्टाला पुसून फुंकली. "नळी बदला" म्हणायचं धाडसच झालं नाही त्याला. आकडा दाखवला नाही, प्रिंट दिली नाही, लायसन्स ठेवून घेतलं. तो दारूला शिवत नाही. खोकल्याचं औषध तेवढं घेतलं होतं.

मी मोटार वाहन कायदा १९८८ वाचला. कलम १८५ नुसार १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तरच गुन्हा. पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कलम २०६ प्रमाणे लायसन्स जप्त केलं तर तात्पुरती पोच द्यावीच लागते. अटक केली तर दोन तासांत डॉक्टरी तपासणी, नाहीतर सोडायचं, हे २०२ मध्ये आहे. प्यायलेल्यांना पकडावंच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या भावाकडे आज कागदाचा एक चिटोराही नाही.

पोच मागायला अर्ज कुणाच्या नावे करू? चार दिवसांनी आता रक्ततपासणीचा काही उपयोग आहे का? सोलापूर कोर्टात अशा केसेस बघणारे कुणी वकील दादा-ताई इथे असतील तर प्लीज मेसेज करा. तो रोज शेअर रिक्षाने कामावर जातोय, रात्री परतायला काहीच मिळत नाही.