पोडियमवर 'इट्स अ वंडरफुल लाइफ': कोणती प्रिंट, आणि तो बर्फ नक्की कशाचा?

घोडबंदरकर
आमच्या सोसायटीत (कासारवडवली) २५ डिसेंबरला पोडियमवर (पार्किंगवरच्या मोकळ्या जागेत) 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) दाखवायचा ठरलाय. साठेक खुर्च्या, प्रवेश मोफत. जुना एक्सजीए प्रोजेक्टर आहे, ३००० ल्युमेनचा, आणि दोन स्पीकर.
अडचणी अशा. डीव्हीडी २ तास ५ मिनिटांची दिसते आणि सगळीकडे १३० मिनिटं लिहिलंय, म्हणजे कापलेली आहे का? नेटवरची सबटायटल्स सुरुवातीला जुळतात, मग मागे पडत जातात. आणि मुलांसाठी रंगीत आवृत्ती लावा असा काहींचा आग्रह आहे. आधी पाच मिनिटं पडद्यामागची माहितीही सांगायचीय. तीही खात्रीची हवी, व्हॉट्सॲपवरची नको.

सातवं रीळ
कापलेली नाही, ती 'पाल' (PAL, भारत-युरोपातल्या जुन्या टीव्हीची पद्धत) डीव्हीडी आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, पालमध्ये तो २५ नी पळतो. १३० मिनिटांचे साधारण १२५ होतात आणि आवाजही किंचित बारीक येतो. सबटायटल्सचं दुखणं त्यातलंच. ती सेकंदाला २३.९७६ फ्रेमच्या प्रतीसाठी बनवलेली असणार, म्हणून दर दहा मिनिटांना २४-२५ सेकंद मागे पडतात. व्हीएलसी प्लेअरमध्ये जी-एच दाबून फक्त सरकवता येतं, ताण निघत नाही. 'सबटायटल एडिट' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात सिंक्रोनायझेशनच्या मेनूत चेंज फ्रेम रेट, २३.९७६ चे २५. सेव्ह करून शेवटचा प्रसंग लावून बघा. शेवट जुळला की मधलंही जुळलेलंच असतं.

एक्सजीए प्रोजेक्टर जुना म्हणून बदलू नका. तो ४:३ चा आणि हा चित्रपट १.३७:१ चा, म्हणजे जवळजवळ पूर्ण पडदा भरतो. नवीन १६:९ च्या प्रोजेक्टरवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील. मात्र लॅपटॉपवर 'डुप्लिकेट' ठेवलंत तर वर-खाली आणि बाजूंनी, चहूकडून पट्टे येऊन चित्र मधल्या मध्ये पोस्टाच्या तिकिटाएवढं उरतं. 'एक्स्टेंड' करून दुसरा डिस्प्ले १०२४ बाय ७६८ वर आणा.

कृष्णधवल
रंगीत नको. रंग चढवायचा उद्योग १९८० च्या दशकात सुरू झाला, दिग्दर्शक फ्रँक कापराचा आणि नायक जेम्स स्टुअर्टचा दोघांचाही त्याला जाहीर विरोध होता. मुलांना दहा मिनिटांत कृष्णधवलची सवय होते, आईवडिलांनाच वेळ लागतो.

प्रिंटचं महत्त्व जास्त. १९७४ मध्ये अमेरिकेत कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं. मग वाटेल ते टीव्ही केंद्र डिसेंबरभर फुकट दाखवत सुटलं, आणि त्यातूनच हा घराघरातला नाताळचा चित्रपट झाला. पण ज्याला हवं त्याने कसल्याही प्रतीवरून कॅसेट काढली, म्हणून आजही धुरकट, कडा कापलेल्या प्रती फिरतात. १९९३ मध्ये मूळ कथेच्या आणि संगीताच्या हक्कांच्या जोरावर रिपब्लिक पिक्चर्सने ते मोकळं रान बंद केलं. पॅरामाउंटने २०१९ मध्ये काढलेली ४के पुनर्संचयित आवृत्ती मिळाली तर तीच लावा. खराब प्रतीत बर्फ नुसता पांढरा ठिपका होतो, आणि या चित्रपटात बघायचा आहे तो बर्फच.

चित्रपट चित्रीत झाला १९४६ च्या एप्रिल ते जुलैमध्ये, कॅलिफोर्नियात, एन्सिनोच्या आरकेओ स्टुडिओच्या रँचवर. कडक उन्हाळा. पुलावरच्या प्रसंगात हिमवर्षावात उभ्या स्टुअर्टच्या चेहऱ्यावर घाम दिसतो, तो अभिनय नाही. त्याआधी पडद्यावरचा बर्फ म्हणजे बऱ्याचदा पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स. पायाखाली ते पापडासारखे कुरकुर वाजत, म्हणून संवाद नंतर डब करावे लागत. कापराला जागेवरचा आवाज हवा होता. रसेल शिअरमनने आग विझवायच्या फोमाइटमध्ये साबण आणि पाणी मिसळून, दाबाने पंख्यासमोर फवारून बिनआवाजाचा बर्फ केला. त्यासाठी आरकेओच्या स्पेशल इफेक्ट्स विभागाला अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला.

सांगायला अजून दोन गोष्टी. नाचता नाचता जमीन सरकून खाली तलाव निघतो ती जागा सेट नाही, बेव्हर्ली हिल्स हायस्कूलची खरी जिम आहे. आणि नायकाचा काका अंकल बिली झिंगत बाहेर जातो तेव्हा मागे धाडकन आवाज होतो. तो कामगाराच्या हातून सामान पडल्याचा. बिलीचं काम करणारा थॉमस मिचेल न अडखळता 'मी ठीक आहे' ओरडला, आणि कापराने ते तसंच ठेवलं.

घोडबंदरकर
बर्ट आणि अर्नी ही 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या अमेरिकन कार्यक्रमातली नावं या चित्रपटातल्या पात्रांवरूनच घेतली असं एकजण सांगत होता. ते घेऊ का?

कृष्णधवल
नका घेऊ. तो योगायोग असल्याचं त्या कार्यक्रमाच्या लोकांनीच सांगितलंय. त्यापेक्षा कथेचा जन्म सांगा. मूळ कथेचा लेखक फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न, त्याला प्रकाशक मिळेना, म्हणून त्याने १९४३ मध्ये कथेच्या २०० प्रती छापून नाताळच्या शुभेच्छापत्रासारख्या वाटल्या. चित्रपट 'सपशेल आपटला' असंही म्हणू नका. खर्च निघाला नाही हे खरं, पण ऑस्करची पाच नामांकनं होती. जिंकलं एकही नाही.

फ्लेक्स आणि दोरी
पडद्याचं कुणीच बोललं नाही. चादर लावू नका, आरपार दिसते. फ्लेक्सवाल्याकडून कोरा ब्लॅकबॅक (मागून काळा) फ्लेक्स मॅट फिनिशमध्ये घ्या, ८ बाय ६ फूट. चकचकीत घेतलात तर मधोमध दिव्याचा गोळा दिसतो. चारी बाजूंनी दर फुटाला रिंगा, खाली खिसा शिवून त्यात पीव्हीसी पाइप. येऊरच्या डोंगराकडचा वारा पोडियमवर शिरला की सैल पडद्याचं शीड होतं, म्हणून पाइपला खालूनही दोऱ्या हव्यात. थ्रो रेशो (प्रोजेक्टरचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर ८ फूट रुंदीला प्रोजेक्टर १२ फुटांवर. म्हणजे तो खुर्च्यांच्या मध्येच येणार, वायर टेपने जमिनीला चिकटवा.

पिक्चर मोड 'डायनॅमिक' नको, चेहरे हिरवट होतात. 'सिनेमा' लावा आणि कलर शून्यावर. प्रोजेक्टर डीएलपी (सूक्ष्म आरशांच्या चिपचा) असेल तर काळ्यापांढऱ्या कडांवर काहींना इंद्रधनुष्याची झाक दिसते. त्याला इलाज नाही, बिघाड समजून ऐन वेळी सेटिंग उचकू नका.

आवाज मोनो आहे. दोन्ही स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, कानाच्या उंचीवर, सराउंड बंद. ब्लूटूथने जोडलंत तर ओठ आधी आणि शब्द मागाहून, साधी ऑक्स वायर वापरा.

सातवं रीळ
ओटीटीवरून लावायचा कुणी सल्ला दिला तर ऐकू नका. अटी खासगी वापराच्या असतात, आणि जुन्या प्रोजेक्टरवर एचडीसीपी (नक्कल रोखणारं कुलूप) अडून नुसता काळा पडदा येतो. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, पण कथेचे आणि संगीताचे हक्क वेगळे मोजतात. तेव्हा तिकीट आणि प्रायोजकाचा बॅनर दोन्ही टाळा आणि समितीतल्या वकिलांच्या कानावर घाला.

घोडबंदरकर
फ्लेक्स करायला सांगतो. मध्यंतर कुठे घ्यावं? चहा असणार.

कृष्णधवल
युद्धाचा भाग संपून २४ डिसेंबरची सकाळ सुरू होते तिथे, अर्ध्याच्या थोडं पुढे. त्याआधी तोडलंत तर लय जाते, नंतर तोडलंत तर कथेत पैसे हरवतात आणि मग कुणी चहाला उठत नाही. सूर्यास्त सहाच्या सुमाराचा, सातला सुरू केलंत तर दहा मिनिटांचा चहा धरून सव्वानऊला संपेल. दहाच्या आत स्पीकर बंद.

फ्लेक्स आणि दोरी
आणि तोवर दव पडायला लागतं. प्रोजेक्टरवर छत्री धरा, पण मागची जाळी झाकू नका.