माणसानं आधी चंद्रावर जायचं की थेट मंगळावर?

तासगावचे_सर:
नमस्कार मंडळी. शाळेत नववीच्या पोरांसाठी वरच्या विषयावर वादविवाद ठेवलाय. चांद्रयान-३ उतरलं तेव्हापासून पोरांना वेड लागलंय, त्यात शुभांशु शुक्ला स्पेस स्टेशनवर राहून आले, मग तर विचारूच नका. पण एका पोरीनं विचारलं, सर, रोव्हर सगळं करतोय तर माणसाचा जीव धोक्यात घालायचाच कशाला? तुम्ही काय सांगाल?

कुपवाडकर:
प्रश्न रास्त आहे सर, पण तिला हे आकडे दाखवा. डिसेंबर १९७२ मध्ये नासाच्या अपोलो १७ मोहिमेतली दोघं चंद्रावर ३ दिवस होती, तेवढ्यात गाडीवरनं ३५ किमी फिरली आणि ११० किलो दगडमाती घेऊन आली. मंगळावर ऑपॉर्च्युनिटी रोव्हरला ४५ किमी कापायला १४ वर्षं लागली. अपोलोच्या त्या दोघांतला हॅरिसन श्मिट भूगर्भशास्त्रज्ञ, चालताना बुटाखाली माती उकरली गेली तर आत केशरी रंग दिसला, गड्यानं जाग्यावरच चर खणला, आणि ती निघाली साधारण साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीची बारीक काच. रोव्हरला असलं काही दिसलं तर आधी फोटो पाठवायचा, मग हुकमाची वाट बघायची, मंगळावरनं सिग्नल एका बाजूनं यायलाच ३ ते २२ मिनिटं जातात.

जतचा_माणूस:
माणूस पाठवायचाच, पण आधी चंद्र. कारण पाणी. टँकरवर गाव जगवणं काय असतं ते आमच्या भागाला सांगायला नको, एक खेप चुकली की सगळं ठप्प. चंद्रावर पृथ्वीवरनंच पाणी नेत बसलो तर माणूस नुसता जाऊन येणार, राहणार नाही. चांद्रयान-१ वरच्या नासाच्या उपकरणानं २००९ ला तिथं पाण्याच्या खुणा दाखवल्या, आणि दक्षिण ध्रुवाजवळच्या काही खड्ड्यांत ऊन कधीच पोचत नाही, तिथं बर्फ आहे. म्हणून तर नासाची माणसाला पुन्हा चंद्रावर न्यायची आर्टेमिस मोहीम आणि चीन दोघांचाही डोळा तिकडंच आहे. पाणी फोडलं की श्वासाला ऑक्सिजन आणि रॉकेटला इंधन, दोन्ही मिळतं. शिवाय काही बिघडलं तर ३ दिवसांत घरी. मंगळाला जायलाच ६ ते ९ महिने, आणि निघायचा मुहूर्त २६ महिन्यांनी एकदा.

सातारी_फिजिओ:
शरीराचं कुणी बोललंच नाही. वजनरहित अवस्थेत व्यायाम नसेल तर कंबर-मांडीची हाडं महिन्याला १ ते दीड टक्का झिजतात, म्हणून स्टेशनवर रोज २ तास व्यायाम असतो. रशियाचे अंतराळवीर पोल्याकोव्ह त्यांच्या मीर या अंतराळ स्टेशनवर सलग ४३७ दिवस राहिले, म्हणजे मंगळापर्यंतचा प्रवास शरीराला झेपू शकतो. पण मीर पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या आत होतं, मंगळाच्या वाटेवर ते कवच नाही, रेडिएशन थेट अंगावर. वर तिथलं गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के. चंद्रावर सहा महिने माणसं ठेवून बघितल्याशिवाय मंगळाची घाई करू नये असं मला मनापासून वाटतं.

कृष्णाकाठ:
सगळे चंद्राच्याच बाजूनं झाले की ओ. मंगळाला विरळ का होईना हवा आहे, जवळपास सगळी कार्बन डायऑक्साइड. पर्सिव्हरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी नावाच्या उपकरणानं २०२१ ते २०२३ मध्ये त्यातनंच १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढून दाखवला. चंद्रावर ही सोय नाही, आणि १४ दिवसांची रात्र असते ती वेगळीच. चांद्रयान-३ चे आपले विक्रम लँडर आणि प्रज्ञान रोव्हर पहिल्या रात्रीनंतर जागे झालेच नाहीत. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा जेमतेम ४० मिनिटांनी मोठा.

तासगावचे_सर:
लई भारी माहिती दिली सगळ्यांनी, आभार. आता विषयच बदलतो, ‘चंद्रावर वर्षभर राहायचं तर सोबत काय काय न्यायचं’. प्रत्येक गटानं यादी करायची आणि कारण सांगायचं.

जतचा_माणूस:
पाणी पुन्हा वापरायचं मशीन पहिल्या नंबरला येऊ दे सर. स्पेस स्टेशनवर लघवी, घाम, श्वासातली वाफ सगळं धरून ९८ टक्के पाणी परत मिळवतात.