पिवळी वाढ आणि टीबी
‘लॅबमध्ये वाढवायला ठेवलेल्या नमुन्यात पाचव्या दिवशीच पिवळी वाढ आली, मग टीबीच ना?’ असं एकाने विचारलंय. नाही हो. टीबीचा जंतू एलजे माध्यमावर (लोवेन्स्टाइन-जेन्सन, जंतू वाढवायचं हिरवं खाद्य) दिसायला ३ ते ८ आठवडे लावतो आणि रंगाने मळकट पांढरा असतो.

परळच्या आमच्या लॅबमध्ये उजेड लागू नये म्हणून फॉइल गुंडाळून ठेवलेली बाटली उघडली, तर हिरव्या माध्यमावर झेंडूसारखा केशरी थर! जो जंतू अंधारातही रंग धरतो तो स्कोटोक्रोमोजेन. रंग कॅरोटिनॉइडचा, गाजरात असतो तशातला. यातलाच मायकोबॅक्टेरियम फ्लेई तर ५२ अंशांवरही वाढतो. झील-नील्सनमध्ये (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची पद्धत) मात्र हेही टीबीसारखेच लाल दिसतात, फसगत होते ती तिथे. असे जंतू नळाच्या पाण्यातही सापडतात, म्हणून दुसरा नमुना मागवाच.