शिशाच्या केंद्रकात ४४ न्यूट्रॉन जादा कशाला?

प्रश्न:
बारावीपासून डोक्यात अडकलंय हे. कॅल्शियम-४० मध्ये २० प्रोटॉन, २० न्यूट्रॉन, बरोब्बर निम्मे निम्मे. शिसं-२०८ मध्ये मात्र प्रोटॉन ८२ आणि न्यूट्रॉन १२६. स्ट्राँग फोर्स (केंद्रकातल्या कणांना बांधून ठेवणारं बल) एवढा ताकदवान आहे तर ही जादा कुमक कशाला लागते? आणि न्यूट्रॉनच सगळ्यांना धरून ठेवतात तर नुसत्या न्यूट्रॉनचं केंद्रक का नाही होत?

प्रतिसाद १:
ताकद आहे हो, पण हात आखूड आहे! दोन-तीन फेमटोमीटरच्या (एक फेमटोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख-कोटीवा भाग) पुढे हे बल जवळजवळ संपतंच आणि शिशाचं केंद्रक आहे साधारण १४ फेमटोमीटर रुंद, म्हणजे प्रत्येक कण फक्त आजूबाजूच्यांना धरतो, पलीकडच्या टोकाशी त्याचा संबंधच नाही. विजेचं ढकलणं मात्र आरपार पोचतं, प्रत्येक प्रोटॉन बाकीच्या ८१ जणांना ढकलतो. जोड्या मोजून बघा, कॅल्शियममध्ये १९० आणि शिशात ३३२१. अंतर वाढल्याची सूट धरली तरी ढकलाढकलीची ऊर्जा दहापट होते, कण मात्र पाचपटच वाढलेत. न्यूट्रॉन शेजाऱ्याला धरतो पण कुणाला ढकलत नाही, शिवाय प्रोटॉनांमध्ये अंतर पाडतो, म्हणून तो जास्त लागतो. मला स्वतःला हे जोड्या मोजल्यावरच कळलं.

प्रतिसाद २:
वरचं बरोबर, फक्त एक भर. धरून ठेवणं हे एकट्या न्यूट्रॉनचं काम नाही, प्रोटॉनसुद्धा तेवढंच ओढतो. नुसत्या न्यूट्रॉनचं केंद्रक का नाही, याचं उत्तर पाउलीच्या नियमात आहे: दोन सारखे कण एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. प्रोटॉन-न्यूट्रॉन जोडीचे स्पिन (कणांचा अंगभूत फिरकीसारखा गुण) एकाच दिशेला असले की ओढ जास्त असते, त्यातूनच ड्यूटेरॉन (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन एवढंच केंद्रक) बनतो आणि तोही जेमतेम २.२ एमईव्हीने (हे केंद्रकातल्या ऊर्जेचं एकक) बांधलेला. दोन न्यूट्रॉन सारखेच, त्यामुळे सगळ्यात खालच्या पातळीत त्यांना स्पिन उलटे ठेवावे लागतात आणि तेव्हाची ओढ थोडक्यात कमी पडते. मोठ्या केंद्रकातही न्यूट्रॉन वाढवत गेलं की नवे वरच्या पातळ्यांवर बसतात, मग एखाद्याचा बीटा क्षयाने प्रोटॉन होतो. म्हणून मनमानी भरता येत नाहीत.

प्रश्नकर्ता:
जोड्यांचा हिशोब आत्ता करून बघितला, खरंच ३३२१! मग शिशाच्या पुढे काय, न्यूट्रॉन कितीही घातले तरी टिकत नाही?

प्रतिसाद १:
नाही टिकत. बिस्मथ-२०९ स्थिर आहे असंच सगळे धरून चालले होते, २००३ मध्ये त्याचाही अल्फा क्षय (दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉनचा तुकडा बाहेर पडणं) पकडला. अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) मात्र विश्वाच्या वयाच्या अब्जपटीहून जास्त.