न्यू जर्सी: शाळेचं वर्षअखेरचं ईमेल, नेमकं काय करायचं?

नमस्कार, गेल्या वर्षीच पुण्याहून आलोय, मुलगा पाचवी संपवून सहावीत जाणार. डिस्ट्रिक्टचं (म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या कार्यालयाचं) भलंमोठं ईमेल आलंय, लसी, औषधं, समर मील्स (सुट्टीतलं मुलांचं जेवण), समुपदेशन असं सगळं एकत्र. आधी काय करू? त्याचा इनहेलर नर्सकडे आहे.

मीनाताई
आधी इनहेलर घेऊन या! शेवटच्या दिवसानंतर राहिलेली औषधं बहुतेक शाळा टाकून देतात, आणि सहसा मोठ्या माणसालाच न्यावी लागतात, मुलाच्या दप्तरात देत नाहीत. माझ्या लेकीचा आम्ही विसरलो, ऑगस्टमध्ये नवा घ्यावा लागला, खूप वाईट वाटलं. पुढच्या वर्षीसाठी डॉक्टरांच्या सहीचा दम्याचा फॉर्मही नवीन लागेल.

एडिसनकर
सहावीला न्यू जर्सीत टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकल्याची) आणि मेनिन्जायटिसची (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराची) लस लागते, वय ११ झालं की. पुण्याचं लसीकरणाचं कार्ड डॉक्टरांना दाखवा, अपॉइंटमेंट आत्ताच घ्या कारण ऑगस्टमध्ये झुंबड असते. पुढे शाळेच्या टीममधून खेळणार असेल तर ३६५ दिवसांच्या आतली शारीरिक तपासणीही लागते.

अश्विनी
आणि समुपदेशनाचा भाग वाचायचा सोडू नका प्लीज. नवीन देश, मित्र नाहीत, दोन महिने घरात, मुलं बोलत नाहीत पण मनात खूप असतं. ९८८ ही मानसिक संकटातल्या लोकांसाठीची हेल्पलाइन आहे, तिथे कधीही फोन किंवा मेसेज करता येतो, फुकट आहे, फ्रिजवर लिहून ठेवा.

प्रश्न विचारणारी
खूप आभार ताई, सगळ्यांचेच. उद्या सकाळीच नर्सकडे जाते.